आत्याच्या डोक्यातला करंट

चिमणी हे नाव तिला पडलं तेव्हा ती पाळण्यात होती आणि दिसायचीही चिमणीएवढीच. आता ती दारात उभी राहिली की खोलीतला उजेड कमी व्हायचा. वजन उचलणाऱ्या मुलींमध्ये देशात तिचा दबदबा होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिची कोच म्हणजे तिची सख्खी आत्या. आत्यानं एके काळी स्वतः भरपूर वजन उचललं होतं. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा तिनं भाचीला हाताशी धरलं, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो आजतागायत थांबला नव्हता.

"अगं ठोंबे, पाठ आहे की झोपाळा? सरळ कर!"

हे इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या तलावात पोहणारी पोरंसुद्धा दचकून पाठ सरळ करायची. चिमणीला मात्र त्याचं काही वाटत नसे. पंख्याचा आवाज असतो, तसा आत्याचा आवाज. सराव संपला की ती पोटभर जेवायची आणि मिळेल त्या बाकावर आडवी होऊन घोरायची.

अशात सराव केंद्रात मेंदूच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्याकडे पोहताना घालतात तशी एक टोपी होती. टोपीला आतून ओले स्पंज, बाहेरून वायरी, आणि वायरींच्या टोकाला डब्यासारखं एक छोटं यंत्र.

"खेळाडूचे स्नायू लवकर ताजेतवाने होतात, पण मेंदू मागे राहतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी हलका करंट दिला तर मेंदूचा थकवा लवकर जातो का, ते आपण बघतोय. दुखत नाही. मुंग्या आल्यासारखं वाटेल, बस्स."

चिमणीनं टोपी घातली आणि ती खिदळायला लागली. तिला डोक्यावर गुदगुल्या होतात हे तोवर कुणालाच, अगदी तिलाही, ठाऊक नव्हतं. ती इतकी हसली, की खुर्चीचा एक पाय वाकला.

"गप बस! शास्त्र चाललंय इथं!" आत्या गरजली.

"आत्या, तूच घालून बघ ना मग!"

"त्यात काय मोठंसं!" म्हणत आत्यानं टोपी डोक्यावर ओढली. डॉक्टरीणबाईंनी तिची तब्येत विचारून घेतली, दिवा मंद केला आणि सांगितलं, "डोळे मिटा. बोलू नका."

आत्यानं बोलायला तोंड उघडलं, पण ते हळूहळू आपोआप मिटलं. थोड्या वेळानं टोपी काढली तेव्हा तिच्या कपाळावरच्या आठ्या कुणी इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट झाल्या होत्या.

"छान आहे हो," ती हळूच म्हणाली. त्या आवाजात आत्या बोलते आहे हे कळायला चिमणीला क्षणभर वेळच लागला.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःहून तिथं हजर. तिसऱ्या दिवशीही. चिमणीला गुदगुल्यांपायी प्रयोगातून नारळ मिळाला आणि तिच्या जागी आत्याची वर्णी लागली. प्रयोग खेळाडूंवरचा असला, तरी आत्याला खुर्चीतून उठवायची छाती कुणाचीच झाली नाही.

इकडे सरावाची मात्र वाट लागली. चिमणीच्या हातून बार धाडकन खाली आला, तर आत्या म्हणायची, "असू दे बाळा. जमेल तेव्हा जमेल."

बाळा! आत्याला काही मोठा आजार तर झाला नाही ना? की आपल्यावरची आशाच सोडली हिनं? आत्याला चिडवायचे चिमणीनं नाना उपाय केले. उशिरा आली. पाठ मुद्दाम वाकवली. शेवटी तिनं हुकमी पत्ता टाकला.

"आत्या, मी वजनं सोडून बॅडमिंटन खेळणार आहे."

"खेळ की. हलकं असतं ते फूल," आत्या हसून म्हणाली.

चिमणी रडकुंडीला येऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. "काय केलंत हो तुम्ही माझ्या आत्याचं? परत आधीसारखी करून द्या."

डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. "खरं सांगू? एवढ्याशा करंटनं एवढा फरक पडेल असं मला वाटत नाही. मला तर वाटतं, आजवर तुझ्या आत्याला 'डोळे मिटा, गप्प बसा' असं सांगायची हिंमतच कुणी केली नव्हती."

हे चिमणीला पटलं, पण त्याचा उपयोग काय? निवड स्पर्धा तर तोंडावर आली होती.

स्पर्धेच्या दिवशी ती मंचावर चढली. प्रत्येकीला तीन संधी होत्या. पहिल्यांदा बार छातीपर्यंत आला आणि पडला. दुसऱ्यांदा डोक्यावर गेला, पण कोपर वाकलं. पंचांचे लाल दिवे लागले. चिमणीनं आशेनं आत्याकडे बघितलं. आत्या मांडीवर हात ठेवून प्रसन्न चेहऱ्यानं बसली होती. तिनं चिमणीला हात हलवून टाटा केलं आणि शांतपणे डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या वेळी बारसमोर उभी राहिल्यावर चिमणीचे कान आत्याच्या आवाजासाठी नुसते ताटकळले. सगळं सभागृह चिडीचूप. त्या शांततेत तिला काही सुचेना. घड्याळ तर पुढे सरकत होतं. मग काय झालं कोण जाणे, तिनं मोठा श्वास घेतला आणि स्वतःच ओरडली,

"अगं ठोंबे! उभी काय राहिलीस खांबासारखी? बघायला बोलावलंय का तुला? पाठ सरळ! उचल ते!"

सभागृह हादरलं. एक पंच खुर्चीवरून अर्धा उठला. आणि चिमणीनं ते वजन असं काही वर नेलं, जणू माळ्यावर रिकामी बादली ठेवायची होती. हात सरळ, पाय स्थिर, तिन्ही दिवे पांढरे. बार खाली टाकता टाकताही तिचं तोंड सुरूच होतं, "आधी का नाही जमलं मग? झोपली होतीस का?"

संघात निवड झाली. आत्यानं तिला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बाळा, फार सुंदर. पण मध्येच कोण बाई किंचाळली गं? काय तो आवाज! घरचे कसे सहन करत असतील तिला?"

चिमणीनं आत्याकडे नीट निरखून बघितलं. आत्या थट्टा करत नव्हती.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी चिमणी सरावाला गेली, तर तिच्या जागेपाशी केंद्रातल्या तीन-चार मुली घोळका करून उभ्या. त्यातली भालाफेकीची मुलगी चाचरत पुढे आली.

"ताई, एक विचारू? माझा भाला हल्ली लांब जात नाही. मलाही जरा ओरडशील का?"

चिमणीनं कमरेवर हात ठेवले, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुरुवात केली.