बिननाकाची गाडी

आमचा धर्माजीदादा वांगंसुद्धा देठ उलटून बघितल्याशिवाय घेत नाही. चप्पल घ्यायची तर दुकानात चार फेऱ्या मारणार, पावलं आपटून बघणार, दुकानदाराचा जीव खाणार. आणि असल्या माणसाने आयुष्याची सगळी पुंजी घालून गाडी घेतली ती कॅटलॉगमधलं चित्र बघून. एकदाही आत न बसता. आजही हे सांगताना माझं डोकं तापतं, आणि तापू दे.

मी अंबिका, त्याची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा भाईंदरजवळच्या गोडदेव गावातल्या दोन खोल्यांत दादाने आणि आशावहिनीने मला जागा दिली, एका शब्दाने काही विचारलं नाही. भाईंदर पूर्वेला गुणवंतशेठचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा होता. मी तिथे भांडी पुसून खोक्यांत भरायचे आणि दादा ती खोकी शेठच्या पिकअपमधून मुंबईच्या बाजारात पोचवायचा.

त्याच गाळ्यावर पत्र्याचं बंडल उतरवताना दोर तुटला आणि बंडल दादाच्या डाव्या गुडघ्यावर आलं. हाड जुळलं, पण गुडघा वाकायचा थांबला तो थांबलाच. पाय कायमचा सरळ. कुणी विचारलं की दादा म्हणायचा, "थोडा आखडतो, बाकी काय नाय." लोकांना वाटायचं, जरासा लंगडतो. खरं काय ते घरात आम्हा दोघींनाच माहीत.

शेठची जुनी पिकअप लांब नाकाची होती. इंजिन पुढे, त्यामुळे पायाखाली ऐसपैस जागा. दादाने सीट मागे सरकवून घेतली होती. डावा पाय पुढे ताणून ठेवायचा आणि क्लच कमरेतून जोर लावून दाबायचा. कधीकधी माल पोचवायला मी शेजारी बसून जायचे, म्हणून बघायचे. वाटेत घाट नव्हता, पण मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्या कपाळावर घाम यायचा. तरी स्टिअरिंगवर हात असला की तो वेगळाच माणूस असायचा. शिट्टी वाजवायचा.

गाळ्याच्या दारात स्टुलावर काशीनाथ बसायचा. पॉलिशच्या मशीनमध्ये त्याची बोटं गेली होती. शेठ त्याला पगार द्यायचा, चहा पाजायचा, वाईट काही वागवत नव्हता. पण दादा त्याच्या तोंडाकडे बघायचा नाही. एकदा मला म्हणाला, "अंबू, मला कोण तसं बसवणार असेल तर मी खाडीत उडी मारीन." मी त्याला गप्प केलं होतं.

मग शेठने जुनी गाडी विकायला काढली आणि दादाला म्हणाला, "तू तेरा खुद का गाडी ले ले, धर्माजी. मेरा सब माल तेरे को." दादा महिनाभर जमिनीवर नव्हता.

हायवेवरच्या शोरूमला आम्ही तिघं गेलो, दादा, मी आणि जामीन राहणार म्हणून शेठ. रोहित नावाच्या सेल्समनने कॅटलॉग पुढे ठेवला. गाडीचं नाव शेठच्या जुन्या पिकअपचंच, पण अंग सगळं बदललेलं. नाक सपाट कापलेलं, समोर नुसती काच.

"हौदा बघा काका, केवढा मोठा झालाय," रोहित म्हणाला. "ट्रायलची गाडी रविवारी येतेय. एक राउंड मारून बघा, मग बुकिंग करू."

"हां, संडे को मैं भी आता हूँ," शेठ खुशीत म्हणाला. "तू चला, मैं बाजू में बैठेगा."

दादाचा चेहरा उतरला तो मी बघितला. अनोळखी गाडीत चढताना पाय उचलून आत घालावा लागणार, सीट सरकवावी लागणार, आणि शेठ शेजारी बसून सगळं बघणार.

"ट्रायल कशाला?" दादा एकदम आवाज चढवून म्हणाला. "कंपनी तीच, नाव तेच. इतकी वर्षं चालवतोय, आता काय मी शिकाऊ आहे? लिहा बुकिंग."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दादा, नाक कापलं तर इंजिन कुठे गेलं?"

"सीटखाली."

"मग पाय कुठे जाणार?"

"पाय पायाच्या जागी जातील. तू खोकी किती बसतील ते बघ," असं म्हणून तो पुढे चालायला लागला. त्याला तेव्हाच शंका आली असणार, हे मी आजही पैज लावून सांगते. पण शेठसमोर उघडं पडण्यापेक्षा त्याला न बघता उडी मारणं सोपं वाटलं.

दसऱ्याला गाडी आली. शोरूमच्या माणसाने ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणून उभी केली. मागे रंगवून घेतलं होतं, धर्माजी. वहिनीने हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मालकाने गाडी पुढे घेऊन लिंबं चिरडायची, मग पेढे वाटायचे. शेठ सफारी घालून आला होता. अर्धी गल्ली जमली होती.

दादाने दार उघडलं, वर चढला आणि डावा पाय आत घालायला लागला. नडगी समोरच्या पत्र्यावर आपटली. त्याने सीट मागे ढकलली, ती हललीच नाही, मागे लगेच पत्रा होता. त्याने अंग तिरकं केलं, पाय दोन्ही हातांनी धरून स्टिअरिंगखाली दाबला. पाय दाराबाहेर तसाच आडवा राहिला. आधी कुणाला काही कळलं नाही. एक-दोघं हसले. मग हसणं थांबलं.

आमची घरमालकीण, गोडदेवचीच म्हातारी, पुढे येऊन म्हणाली, "अरं, घेवाच्या आधी बसून बगला न्हाय का रं तू?"

दादा उतरला. घामाने सदरा भिजला होता. त्याने वहिनीच्या भावाला हाक मारली. "लवू, घे पुढे." लवूने गाडी पुढे घेतली आणि लिंबं फुटली. शेठ दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोई बात नहीं, ड्रायवर रख ले. तू आराम से बैठ." तो मनापासून बोलला होता. दादाला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

त्यानंतर गाडी लवू चालवायचा. डाव्या सीटवरही दादाचा पाय मावत नव्हता, म्हणून तो मागे हौद्यात खोक्यांना टेकून, पाय पसरून बसायचा. स्वतःच्या नावाच्या गाडीत, टोप आणि कळश्यांबरोबर. नाक्यावरचे टेंपोवाले हाक मारायचे, "काय शेठ, आज तुमची डिलिव्हरी कुठे?" आधी तो शिव्या द्यायचा. मग नुसता बघायचा. मग बघायचाही थांबला.

वहिनी म्हणाली, गाडी विकून टाकूया. तो म्हणाला, मला विका आधी.

एका सकाळी तो लवूला घेऊन गेला. कुठे, ते घरात सांगितलं नाही. संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली आणि लवू एकटाच पुढून उतरला. तोंड पांढरं पडलेलं. "अंबाताई, चादर आणा," एवढंच म्हणाला. दादा हौद्यात पडला होता. डावा पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला आणि गुडघ्यात काटकोनात वाकलेला.

लवूनेच मग रडत सांगितलं. आधी ते मोठ्या दवाखान्यात गेले होते. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, सरळ पायावर माणूस उभा तरी राहतो, असला वेडेपणा करू नका, घरी जा. मग दादाने खाडीपलीकडच्या एका गावातला धाकू नावाचा हाडं बसवणारा शोधून काढला. त्याला म्हणाला, मोडा आणि वाकवून बसवा. माप म्हणून गाडीची सीट दाखवली.

मी दादावर ओरडले. आजारी माणसावर कुणी ओरडत नाही, पण मी ओरडले. "पाय गाडीच्या मापाचा करून आणलास? गाडीच्या?"

"चित्रात जागा दिसत होती गं," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. वहिनी त्याच्या उशाशी बसली होती. ती त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

पाय तसाच जुळला. टाच जमिनीला लागत नाही. कुबड्या आणल्या, त्यांना त्याने हात लावला नाही. ज्या दिवशी दुखणं सोसवेल इतकं झालं, त्या दिवशी त्याने वहिनीला लिंबं ठेवायला सांगितलं. तिने ठेवली नाहीत, मी ठेवली. लवूने आणि मी त्याला उचलून सीटवर बसवलं. वाकलेला पाय स्टिअरिंगखाली अलगद गेला आणि क्लचवर टेकला. दादा हसला. "बघ, बसला की नाय?" लिंबं चिरडून गाडी नाक्यापर्यंत गेली, आणि मला शिट्टी ऐकू आली. मी गल्लीत उभी राहून ढसाढसा रडले.

आता तो रोज माल नेतो. बाजारात हमाल खोकी उतरवतात, तो खाली उतरत नाही. तहान मारतो, कारण पाणी प्यायलं की उतरावं लागेल. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवतो, कारण उचलून घ्यायला कुणीतरी लागतं. लवू गावी गेला, तेव्हापासून मीच जाते. पाठीवर घेऊन येते.

परवा हॉर्न वाजला. मी गेले तर दादाच्या हातात कॅटलॉग होता, शोरूमच्या रोहितने गाळ्यावर येऊन दिलेला. त्याच नावाची गाडी परत बदलली होती. चित्रात तिला लांब नाक होतं.

"लोकांच्या तक्रारी आल्या म्हणे," दादा म्हणाला. "पाय आखडतात, गुडघे आपटतात. म्हणून परत नाकवाली काढली." त्याने पान माझ्याकडे वळवलं. पायाखालच्या जागेवर बोट ठेवलं. तिथे खरंच भरपूर जागा होती. "क्लच जरा लांब आहे. माझा पाय पोचेल का गं?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"नाही पोचणार, दादा."

त्याने कॅटलॉग घडी करून समोरच्या काचेशी ठेवला. "बरं," म्हणाला, आणि माझ्या गळ्यात हात टाकण्यासाठी पुढे वाकला.