दानाची विहीर

पाद्रीबाबा ग्रिगोरे यांनी मेणबत्तीसाठी काडी ओढली आणि तेवढ्यात त्यांची नजर मोठ्या टेबलाच्या टोकाशी गेली. मानाच्या खुर्चीवर दोकिया बसली होती. शेजारी तिचा मुलगा इलारिए, तोंडाला रुमाल लावून. काडी बोटापर्यंत जळत आली तसे ते चटका बसून हात झटकू लागले.

सावेताने दुसरी काडी पुढे केली.

जिऊ नदीकाठच्या त्या गावात ज्याच्यामागे कुणी नाही, तो आपलं मरणानंतरचं जेवण जिवंतपणीच घालतो. इथे जे ताटात पडेल तेच तिकडे आपल्या ताटात येतं. इथली पंगत रिकामी राहिली तर तिकडचीही, कायमची. टोकाच्या खुर्चीवरचा माणूस मेलेल्याच्या जागी बसतो. कपडे, ताट, खुर्ची, सगळं त्याचं होतं. पेटती मेणबत्ती हातात देऊन जे दिलं, ते परत मागता येत नाही.

सावेताने जन्मभर लोकांच्या असल्या जेवणांसाठी कोबीच्या पानांत खिमा गुंडाळला. गावात असं कुणी मेलं नाही, ज्याच्या नावाने तिचे हात पोळले नाहीत. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आज तिचं स्वतःचं जेवण होतं. अंगणात पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं मांडली होती, आणि गाव फाटकाशी खोळंबलं होतं. आत कुणी येईना.

इलारिए क्षयाच्या इस्पितळातून परतला होता. आता त्याच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टर सांगून थकले. पण गाव ऐकायचं ते मेयरच्या बायकोचं, स्तांकाचं. सावेताच्या फाटकाबाहेरच्या विहिरीवर तिने दोकियाची बादली लाथेने उलटवली, आणि तेव्हापासून ती बाई नदीचं गढूळ पाणी उकळून पोराला पाजत होती. हीच माणसं रविवारी चर्चमध्ये शेजाऱ्यावर प्रेम करायचं ऐकून गुडघे टेकायची. झिजले ते गुडघेच.

पाद्रीबाबांनी सावेताला बाजूला घेतलं. दोकियाला जेवू घालायला आपली ना नाही, म्हणाले. फक्त तिला कोपऱ्यात बसव, म्हणजे लोक आत येतील. शेवटी प्रश्न तुझ्याच आत्म्याचा आहे.

"तिकडे कोपरा असतो का, बाबा?" सावेताने विचारलं.

त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि साखर पेरलेल्या उकडल्या गव्हावर प्रार्थना पुटपुटली.

"मावशी," स्तांका फाटकावरून म्हणाली, "खोकल्याच्या पंगतीला बोलावलंस होय आम्हाला? उठव तिला, आत्ता बसतो. नाहीतर चाटत बस तिकडे कोरडी ताटं."

"तुझी सासू तिकडे माझ्याच हातचं जेवतेय, स्तांके. गेले की विचारते तिला, इथे उपाशी कुणी ठेवलं होतं."

फाटकाशी कुणीतरी फसकन हसलं.

इलारिएने चमचा उचलला नव्हता. सावेताने तो उचलला, त्याच्याच वाडग्यातला घास सगळ्यांदेखत खाल्ला आणि चमचा त्याच्या हातात दिला. मग तिने दोकियाला लोकरी शाल दिली, ताट दिलं, बसली होती ती खुर्ची दिली, नवी बादली दिली. शेवटी मेणबत्ती तिच्या हातात ठेवली.

"आणि विहीर," ती म्हणाली.

मग ती फाटकाकडे वळली.

"माझ्या नवऱ्याने आपल्या जमिनीत खणली, आईच्या आत्म्यासाठी, येईल त्या तहानलेल्यासाठी. त्या पुण्यावर तुम्ही लाथ मारलीत. आता ती दोकियाची. पाणी पाहिजे तर तिला विचारा."

दोकियाने मेणबत्ती दोन्ही हातांनी धरली. "देव मान्य करून घेवो," ती म्हणाली. पाद्रीबाबांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा मेणबत्तीकडे, आणि "आमेन" म्हणाले. दुसरं काही म्हणायला जागाच उरली नव्हती.

गाव निघून गेलं. खिम्यावर साय धरावी तशी चरबी गोठली.

संध्याकाळी सावेता कोरी ताटं गोळा करत होती. तिकडची तिची पंगत तिघांची ठरली होती: दोकिया, इलारिए आणि ती स्वतः. तेवढ्यात बाहेर रहाट करकरला. दोकिया बादली वर ओढत होती, आणि स्तांका रिकामी घागर घेऊन उभी होती. दोकियाने तिच्या विचारण्याची वाट पाहिली नाही. तिने पहिली बादली स्तांकाच्या घागरीत ओतली.

सावेताने हातातल्या ताटांपैकी एक एप्रनने पुसलं आणि चौथं म्हणून परत टेबलावर मांडलं.