खोक्याची दुसरी कडी

पुसेगावजवळच्या गोरेगावच्या कार्यक्रमात, तिसऱ्या गाण्याला, अँप्लिफायर जळाला. आधी घोंघावला, मग वार्निश जळाल्याचा वास आला आणि सृष्टीच्या बेस गिटारचा आवाज गेला. समोर बसलेल्या लोकांना काही कळलं नाही. बेस वाजत असतो तेव्हा तो वेगळा ऐकू येत नाही. थांबला की गाणं पोकळ वाटतं, एवढंच. जुन्या ढोलकीवाल्याला लगेच कळलं असतं, पण ढोलकीवर आता वैजनाथ नव्हता. आठ महिन्यांपूर्वी तो चाकणला कंपनीत लागला होता.

मसाजीमामांची भक्तिगीतांची पार्टी पुसेगावची. मामा हळदीची शेती सांभाळून हार्मोनियम वाजवत. बीएस्सीला असताना सृष्टी युवक महोत्सवात बेस शिकली आणि पार्टीत आली, तेव्हा मामांनी परभणीच्या एका मिस्त्रीकडून तिच्यासाठी हा अँप्लिफायर बांधून घेतला. जाड प्लायवूडचा लांबट खोका, आत पंधरा इंची स्पीकर, लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि दोन्ही टोकांना एकेक कडी. एकट्या माणसाने तो उचलायचाच नाही, असाच तो बांधलेला.

जीप गावाच्या फाट्यावर सोडायची. तिथून मंदिरापर्यंत एका कडीला सृष्टी, दुसरीला वैजनाथ. चार वर्षं. दोघं जे काही बोलले ते या वाटांवर बोलले. एरवी चारचौघांत बोलायची सोय नव्हती. खोका मध्ये असला की कुणी काही म्हणत नसे. सिद्धेश्वर गावात तर हापशापाशी वैजनाथ हमखास थांबायचा.

"थांब जरा. हात भरून आला."

"एवढ्यात? मी पोरगी असून चालून राहिले अन् तू रे?"

"तू पैलवान हाईस बाई. आमी साधी माणसं."

तो हापशाच्या कट्ट्यावर बसून तळहात चोळायचा आणि ती त्याला हसायची.

तो गेल्यापासून ज्या गावी कार्यक्रम असेल तिथली दोन माणसं खोका उचलत. 'पोरीला कशाला उचलायला लावता' म्हणत, आणि सृष्टी नुसती गिटार घेऊन मागून चालत असे. तिला ते मुळीच आवडत नसे.

मिस्त्री म्हणाला, ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देतो, पहिल्यासारखा चालेल.

"मग द्या की गुंडाळून," मसाजीमामा म्हणाले. "वैजनाथ काय जलमभर तिकडंच राहणार हाय का? दिवाळीला येतोच. आला की उचलाल दोघं."

सृष्टीच्या मनातही तेच होतं, आणि म्हणूनच तिला ते नको होतं. गेल्या दिवाळीला तो दीड दिवस आला होता. फोन आधी रोज यायचा, मग रविवारी, आता कधीतरी. खोका दुरुस्त केला तर दुसरी कडी त्याच्यासाठी राहणार, आणि प्रत्येक गावात ती रिकामी दिसणार.

"मामा, नवीन घेऊ. मला एकटीला उचलता येईल असं."

"हलकं म्हंजी कमजोर, पोरी. खालचा सूर हाय तुझा. त्याला दम लागतो."

"दम लागतो, बराबर. खालच्या सुरांना कान मंद असतो, म्हणून ताकद जास्त पायजे. पण ताकदीला आता लोखंड लागत न्हाई. नव्यात तो मोठा ट्रान्सफॉर्मरच नसतो. वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून काम भागतं. तापत न्हाई, अन् फुलपात्राएवढ्या भागात निभतं. स्पीकरचं चुंबकही हलकं असतंय."

मामांनी हार्मोनियमचा भाता एकदा दाबून सोडला. म्हणजे पटलं नव्हतं, पण ऐकलं होतं.

वहीत तिने दोनच नावं उरवली. पहिला आठशे वॅटचा, दोन स्पीकरचा, वजन साडेवीस किलो. दुसरा पाचशे वॅटचा, एकच बारा इंची स्पीकर, वजन साडेबारा. तिला पहिला हवा होता. इअरफोन लावून तिने त्याचा आवाज कितीदा तरी ऐकला होता. जुन्या खोक्यासारखाच तो छातीत उतरत होता. वॅट वाढले तरी आवाज त्या मानाने फार वाढत नाही हे तिला ठाऊक होतं, तरीही. आणि वजनाचा हिशोब सरळ होता. जुना खोका बेचाळीस किलोंचा, असं वैजनाथ सांगायचा. दोघांत वाटला तर एकवीस. एकवीस तिने चार वर्षं उचलले होते, मग साडेवीसला काय झालं?

तरी मागवण्याआधी खात्री करावी म्हणून तिने खोका रामप्रसादच्या आडतीवर नेला. हळद यायचे दिवस होते. काट्याचा पत्रा पिवळा झालेला, रामप्रसादच्या भुवयाही पिवळ्या.

"हळद सोडून आता गाणंबी तोलायचं का आमी?" म्हणत त्याने हमालाकडून खोका काट्यावर ठेवून घेतला. बेचाळीस किलो तीनशे ग्रॅम.

"बराबर हाय," सृष्टी म्हणाली.

हमालाने एक कडी धरून खोका ओढला. एक टोक शेजारच्या ओट्यावर आलं, काट्याच्याच उंचीला, दुसरं काट्यावर राहिलं. सृष्टीची नजर अजून आकड्यावर होती.

तेरा किलो चारशे.

"थांबा. हात लावू नका."

आकडा हलला नाही. ती काट्यावरच्या टोकाशी वाकली. या कडीला तिने निळी सुतळी गुंडाळली होती, हाताला रुतू नये म्हणून. ही तिची बाजू.

"आता फिरवून ठेवा. ते टोक इकडं."

अठ्ठावीस किलो नऊशे.

बेरीज चुकत नव्हती. खोका बाहेरून दोन्हीकडे सारखा दिसतो, म्हणून गुरुत्वमध्य मधोमध असेल असं तिने धरून टाकलं होतं. पदवी घेतलेल्या मुलीने. सगळं लोखंड एका टोकाला होतं आणि ते टोक नेहमी वैजनाथ धरायचा. 'माझी बाजू, माझी बाजू' म्हणत आधी जाऊन धरायचा.

"त्यानंबी असंच केलं होतं," रामप्रसाद म्हणाला. "वैजूनं. खोका नवा होता तवा. एक टोक, मग दुसरं टोक. म्हणलं काय करून राहिला रे, तर नुसता हसला."

सृष्टीने आडतीच्या मागे जाऊन वैजनाथला फोन लावला. बऱ्याच वेळाने त्याने उचलला. मागे यंत्रांचा आवाज होता.

"तुझ्या बाजूला एकोणतीस किलो होते," ती म्हणाली.

"तोललंस व्हय?" त्याने विचारलं.

"काहून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू बाजू बदलून मागितली असतीस."

"मी तुला हसत होते, वैजू. हापशावर."

"मग? त्यासाठीच तर बसायचो."

तिला पुढचं विचारायचं होतं. ओठावर आलं होतं. तिने विचारलं ते वेगळंच.

"दिवाळीला किती दिवस?"

"सुट्टीचं काय सांगता येत न्हाई. इथंच पर्मनंट करून राहिले मला." मग हळूच, "खोका कशाला तोलला पण?"

"जळालाय. नवीन घेऊन राहिले. साडेबारा किलोचा."

"म्हंजी एकटीनं उचलायचा."

"व्हय."

यंत्र एकदा धडाडलं, थांबलं.

"बराबर हाय," वैजनाथ म्हणाला. "त्योच घे."

साडेवीस किलोच्या नावावर तिने त्याच संध्याकाळी रेघ मारली.

पंधरा दिवसांनी सिद्धेश्वरला कार्यक्रम होता. जीपने फाट्यावर सोडलं. दोन माणसं पुढे आली, पण सृष्टीने नवा अँप्लिफायर उजव्या हातात उचलला, गिटार पाठीला लावली आणि ती चालू लागली.

"बघा, पोरगी डबा घेतल्यागत घेऊन चालली," मसाजीमामा त्या दोघांना म्हणाले. आवाजात कौतुक होतं. "अन् दम बघा आता त्याचा."

डावा हात मोकळा होता. त्याचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिने ओढणीचं टोक धरलं.

हापशापाशी ती थांबली. अँप्लिफायर कट्ट्यावर ठेवला.

"काहून थांबलीस?" मामांनी पुढून विचारलं. "जड होऊन राहिला का?"

"न्हाई मामा. तुमी व्हा पुढं."

हात भरून आला नव्हता. वैजनाथला तळहात चोळायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ती कट्ट्यावर बसली. मग उठून तिने पुन्हा उचलला.