नियम मोठ्याने वाचा

"आमच्या चपला बाहेर कोणी काढल्या?" बॅटरीमावशींनी विचारलं.

थिएटरच्या पडद्यामागच्या बोळात मावशींसकट तिथे काम करणाऱ्या चौघी बायकांचं सामान भिंतीला लावून ठेवलं होतं. चपला, डबे, कंगवे, सफाईवाल्या दोघी जावांचे कोरडे कपडे. आत, त्यांच्या खोलीत, थंड पेयांचे क्रेट छतापर्यंत रचलेले.

"कमिटीने ठराव केलाय," हमाल घाम पुसत म्हणाला. "मी आपला सांगकाम्या."

मावशी या थिएटरात सव्वीस वर्षं दारावर होत्या. नवरा गेला तेव्हा त्याच्या जागी लागल्या. हातात बॅटरी घेऊन अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायच्या, उशिरा येणाऱ्याच्या पायाखाली उजेड धरायचा. सिनेमे हजारो पाहिले, पण तुकड्यातुकड्यांनी. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे अजून 'हंगामी' लिहिलेलं होतं. तसंच तिकीटवालीच्या आणि दोघी जावांच्याही. हंगामींना कामगार कमिटीच्या निवडणुकीत मत नव्हतं. आजवर त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

त्या आठवड्यात बायकांच्या आयुष्यावरचे सिनेमे लागले होते. आधी एका चित्रकार बाईचा, जिची चित्रं नवरा स्वतःची म्हणून खपवतो. मग मतदानाच्या हक्कासाठी झगडलेल्या बायकांचा. दुपारच्या खेळाला मावशी मधल्या दाराशी उभ्या होत्या. पडद्यावर एक अधिकारी बायकांना समजावत होता, की घरचे पुरुष मत देतात त्यातच तुमचं आलं. प्रेक्षकांत हशा पिकला. मावशींना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढून ते क्रेट हलत नव्हते.

मध्यंतरात त्या जिना चढून ऑपरेटरच्या खोलीत गेल्या. ऑपरेटर त्यांचा धाकटा दीर, आणि कमिटीचा सेक्रेटरीही तोच.

"भाऊजी, खोली कोणाला विचारून दिलीत?"

"ठराव झाला, वहिनी. एकमताने."

"कोणाच्या एकमताने?"

तो यंत्र पुसत राहिला. "तुम्हाला काळजी कसली? तुमची बाजू मी मांडतोच की तिथे."

"मांडलीत?"

"विषय घाईत निघाला."

"मग रविवारच्या सभेला मीच येते. माझी बाजू मला तोंडपाठ आहे."

"उगाच शोभा होईल. घरच्या बाईला आवरता येत नाही, असं लोक मला म्हणतील."

"आवरायला मी काय पसारा आहे?" मावशी म्हणाल्या आणि जिना उतरल्या. घंटा झाली होती.

तिकीटवाली लगेच तयार झाली. धाकटी जाऊ थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि थोरली घाबरली होती. "कामावरून काढलं म्हणजे?"

"काढलं तर चौघींना काढतील," मावशी म्हणाल्या. " मग हा एवढा हॉल झाडेल कोण? घेऊ देत एक दिवस झाडू हातात."

रविवारी सकाळी सभेला चौघी पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. अध्यक्ष वायरमन होता. "बायकांनी कशाला तसदी घेतली?" तो म्हणाला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मावशी उभ्या राहिल्या. रात्रभर घोकलेलं सगळं विसरून गेल्या होत्या. मग त्यांनी एवढंच म्हटलं, "मताचा नियम वाचून दाखवा. मोठ्याने."

नियमांची वही दिराकडे होती. त्याने घसा साफ केला. "सलग तीन वर्षं काम केलेल्या प्रत्येक कामगारास मताचा अधिकार राहील."

"यात हंगामी हा शब्द कुठे आलाय?"

त्याने पान उलटलं, पुन्हा मागे आला. मनात आणलं असतं तर काहीतरी पुटपुटून त्याला वेळ मारून नेता आली असती. "नाही आलेला," तो म्हणाला.

"तशी पद्धत पडलीय," वायरमन म्हणाला.

"ज्यांनी पाडली त्यांनीच उचलावी. सव्वीस वर्षं राबणारी बाई कामगार नसेल, तर कामगार म्हणजे कोण, तेवढं लिहून द्या."

तासभर वाद चालला. शेवटी हात वर झाले. नऊ विरुद्ध, दहा बाजूने. दहावा हात दिराचा होता, आणि तो फार सावकाश वर गेला. पण अंमल नव्या वर्षाच्या निवडणुकीपासून, खोलीचं काय ते नवी कमिटी बघेल, असं ठरलं.

बाहेर पडताना दीर मावशींच्या जवळ आला. "वहिनी, तुमचं निवृत्तीचं वय तर चार महिन्यांत भरतंय. तुम्ही तेव्हा कामावर नसाल."

"ठाऊक आहे. ते धरूनच आले होते."

निवडणुकीच्या दिवशी मावशी आल्या. ऑफिसच्या बंद दाराबाहेर तिघी रांगेत उभ्या होत्या. मावशींनी त्यांच्या पिशव्या स्वतःकडे घेतल्या. तिकीटवाली गेली तशी आली. धाकटी आली. थोरलीला वेळ लागला; दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा घामाने डबडबला होता.

"झालं?"

"झालं. चिठ्ठीची घडी तीनदा घातली." मग ती मावशींच्या कानाशी वाकली. "सांगू, कोणाला दिलं?"

मावशींनी तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "मलासुद्धा नाही," त्या म्हणाल्या, आणि तिची पिशवी तिच्या हातात दिली.