दोन्ही हातांवरचे डाग

पहिल्या प्रात्यक्षिकाला सर दरवर्षी तोच प्रयोग करत आणि तीच गोष्ट सांगत. चंचुपात्रात आधी पाणी घ्यायचं, ते गार पाण्याच्या टबात ठेवायचं, मग काचेच्या कांडीवरून ॲसिड अगदी हळूहळू सोडत ढवळायचं. आणि उलट केलं तर?

"मावशी, हात दाखवा!"

प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशी मुकाट्यानं हात पुढे करत. "यांनी घाईघाईत ॲसिडमध्ये पाणी ओतलं आणि ते उसळून हातांवर आलं," सर सांगत. अठरा वर्षांत गोष्टीला इतकं तिखटमीठ लागलं होतं, की त्यांना स्वतःलाही ती खरी वाटू लागली असावी. पाणी ओतलं होतं सरांनीच. तेव्हा ते नवे, नोकरी कच्ची. "एवढं तुमच्यावर घ्या," अशी त्यांनी गळ घातली आणि मावशींनी घेतलं. चौकशीत निष्काळजी त्याच ठरल्या. आजवर त्यांनी ते चालवूनही घेतलं. मुलं काय, दरवर्षी नवी.

यंदा मात्र पहिल्या बाकावर मावशींची लेक होती. तिला एवढंच ठाऊक, की आईला कामावर भाजलं. पोरीसमोर वेंधळी ठरायचं, हा विचार सकाळपासून मावशींना सोडत नव्हता.

त्यांनी हात पुढे केले, पण मान वर होईना. सरांनी गोष्ट रंगवली. मुलं "बापरे" म्हणाली.

"सर," लेक उठली, "डाग दोन्ही हातांवर सारखेच आहेत. म्हणजे आईनं भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं ना? मग पाणी कोणी ओतलं?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आता हा माणूस सारवासारव करणार आणि आपण गप्प बसणार, हे मावशींना दिसलं, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना सणसणीत राग आला.

"सांगा की, सर," त्या म्हणाल्या.

"मी ओतलं," सर खाली बघत म्हणाले. "यांनी भांडं सोडलं नाही, म्हणून मी वाचलो."

सरांनी ॲसिडची बाटली उचलली आणि परत खाली ठेवली.

"द्या इकडे," म्हणत मावशींनी हातमोजे चढवले आणि बाटली घेतली. लेक बाक सोडून टेबलाशी आली. तिचे डोळे भरले होते.

"आधी सुरक्षेचा चष्मा लाव," आई म्हणाली, "आणि मग बघ."