मधला खळीचा डबा

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. तरी सहा महिने बोलले आणि मला पत्ता लागला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. लांब टेबलावर मी पानं शिवायची, ह्यांनी पुठ्ठे चढवायचे. बावीस वर्षं मी ह्यांच्या उजव्या बाजूला बसले, कोपराला कोपर लावून. मग अपघातात ह्यांचा उजवा हात कोपराच्या वरून गेला. जखम भरल्यावर हे दुकानात आले आणि पहिल्याच दिवशी आमच्या दोघांच्या मध्ये खळीचा मोठा डबा आणून ठेवला.

"हा इथे कशाला?"

"हाताशी बरा."

ज्या बाजूला हातच नाही, त्या बाजूला डबा हाताशी कसा, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

बनवून घेतलेला नवा हात खुंटीवरच लटकायचा. कधी म्हणे उकडतं, कधी म्हणे रंग जुळत नाही. "मुलगी बघायला निघालात की काय?" मी चिडवायचे. हे हसायचे आणि डबा आणखी माझ्याकडे सरकवायचे. मीही हसायचे, पण ह्यांना आता मी जवळ नको आहे, असं वाटून घरी जाऊन रडायचेसुद्धा.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. डबा उचलून खाली ठेवला आणि ह्यांना खेटून बसले.

हे कळवळले. "अंगठा, अंगठा," म्हणत उरलेला दंड धरून वाकले. अंगठा तर हाताबरोबरच गेला होता.

डॉक्टरीणबाईंना दंडाच्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ लागली. त्या म्हणाल्या, "तुटलेली नस वाढतच राहते. पुढे हात सापडला नाही की तिथेच गुंडाळून बसते. धक्का लागला की कळ गेलेल्या बोटांत जाते."

"नस अगदी ह्यांच्यावर गेलीय," मी म्हटलं. "कुणाला विचारायचं नाही, एका जागी घुटमळत राहायचं."

बाई हसल्या. हे नाही हसले. खाली मान घालून म्हणाले, "पुन्हा कापतील म्हणून बोललो नाही."

मला माझ्या खेटण्याची फार लाज वाटली.

शेवटी कापावं लागलंच. गाठ काढून नसेचं टोक शेजारच्या स्नायूच्या नसेला जोडलं. तिला काम मिळालं की गप्प बसेल, पण हमी नाही, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं.

दोन महिन्यांनी दुकान उघडलं. मीच डबा मध्ये ठेवला आणि वीतभर आणखी लांब बसले. ह्यांनी तो डाव्या हाताने उचलून टेबलाच्या पार टोकाला नेला.

"तिकडे हाताशी नाही यायचा," मी म्हटलं.

"उठून घेईन."

मग स्टूल सरकवत सरकवत हे माझ्याजवळ आले आणि डोळे घट्ट मिटून तो दंड माझ्या खांद्याला टेकवला.

"दुखलं का?"

"थांब, बघू दे."

बराच वेळ हे बघतच राहिले. मला काही केल्या सुईचं नेढं दिसेना.