कोथरूडचा फ्लॅट मी विकला

आधीच सांगून टाकते. कोथरूडचा फ्लॅट मी विकला. कागदावर सही ह्यांचीही आहे, पण विकला मी. त्यावरून नातेवाइकांनी मला जेवढी नावं ठेवायची तेवढी ठेवून झाली आहेत, तेव्हा आता सगळं सांगायला माझी काही हरकत नाही.

गुणवंत, म्हणजे माझे यजमान, १९७९ साली शारजातल्या एका एअरकंडिशनिंगच्या कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागले. वर्षभरानं मी गेले, कडेवर संजना. पुढच्या बावीस-तेवीस वर्षांत आम्ही तीन फ्लॅट बदलले, पण नियम एकच राहिला: चांगली वस्तू इथे वापरायची नाही, पुण्याला पाठवायची. 'इथे आपल्याला कुठे राहायचंय!' हे वाक्य आमच्याकडे देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं गेलं असेल. ९१ साली कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि मग तर ताळतंत्रच सुटलं. दर डिसेंबरात कार्गोवाला यायचा. बारा माणसांचा डिनर सेट गेला, मऊ कोरियन ब्लँकेटं गेली, व्हीसीआर गेला, वॉशिंग मशीन गेलं. आम्ही मात्र मेलामाइनच्या ताटलीत जेवायचो आणि आधीच्या भाडेकरूनं मागे सोडलेल्या पलंगावर झोपायचो. कूस बदलली की तो करकरायचा. आम्हीच तेवढे शहाणे होतो असं नाही, ओळखीतल्या सगळ्या मराठी घरांत हेच चालायचं. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका स्वतःकडे काय आहे ते सांगायच्या नाहीत, पुण्याला काय पाठवलं ते सांगायच्या.

२००२ साली ह्यांना साठावं लागलं. कंपनीनं कळवलं, सप्टेंबरअखेर नोकरी संपेल, व्हिसा तेवढा पुढच्या मार्चपर्यंत चालेल. आता बोऱ्याबिस्तरा उचलून कोथरूडला जायचं, हे तर ठरलेलंच होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं. नेमकं त्याच वर्षी दुबईत परदेशी माणसाला घर विकत घेता येईल असं जाहीर झालं. घराबरोबर राहण्याचा व्हिसाही मिळेल, असं बिल्डर सांगत होते.

संजना तोवर दुबईतल्या एका बँकेत लागली होती. एका शुक्रवारी तिनं आम्हाला गाडीत घातलं.

"आई, जस्ट हॅव अ लुक. नो वन इज आस्किंग यू टू बाय."

दुबईच्या ज्या मरीनाला आता टॉवर आहेत तिथे तेव्हा नुसते खड्डे आणि क्रेन होत्या. तिथून पुढे पाऊण तास आत, वाळूत, 'अल नखला' नावाची वसाहत होती. साठ बैठी घरं, मधे पोहण्याचा तलाव आणि चहूबाजूंनी वाळवंट. बिल्डरनं ती कुणासाठी बांधली होती देव जाणे, पण इतक्या लांबून रोज ऑफिस गाठायला कोण तयार होणार? तेव्हा ज्यांना ऑफिसच उरलं नव्हतं अशी माणसं तिथे आली. केनियातलं दुकान मुलांवर सोपवून आलेले गुजराती आजी-आजोबा, एक आयरिश नर्स, एक इराणी गालिचेवाले. आणि दापोलीकडची कुलसुम. तिच्या नवऱ्याचं शारजात शिवणकामाचं दुकान होतं, तो गेल्यावर मुलानं तिला हे घर घेऊन दिलेलं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सलवार-कमीज घालून तलावात पोहत होती. चांगली बासष्ट वर्षांची बाई, म्हशीसारखी निवांत डुंबत होती.

मी मराठीत काहीतरी बोलले ते तिनं ऐकलं.

"अगो, उभी काय राहिलीस? पाय तरी घाल. पाणी काय चावतंय?"

मी चपला काढून पाय घातले. साडी पोटरीपर्यंत भिजली. बावीस वर्षांत मी या देशात कशात पाय घातला नव्हता, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. इतका राग आला मला, कुणाचा ते मात्र कळेना.

"दोन लाख ऐंशी हजार दिरहम," परतताना हे म्हणाले. "म्हणजे छत्तीस लाख रुपये झाले, सुचित्रा."

"मग?"

"मग काय? कोथरूड विकावं लागेल."

"मग विकू," मी म्हणाले.

ह्यांनी काचेबाहेर तोंड वळवलं. संजना आरशातून माझ्याकडे बघत होती. "आई, आर यू सिरियस?" मी म्हटलं, "आयुष्यात पहिल्यांदा."

ह्यांना राजी करायला मला तीन महिने लागले. कसं केलं ते विचारू नका. रडले, भांडले, चार दिवस अबोला धरला, एकदा तर कोथरूडला तुम्ही एकटे जा म्हणून सांगितलं. शेवटी कंपनीकडून मिळालेल्या पैशांतून अर्धी रक्कम भरली. बाकीची मार्चपर्यंत द्यायची, नाहीतर घर परत बिल्डरकडे. ऑक्टोबरात आम्ही अल नखलात राहायला गेलो.

मी पोहायला शिकले. वय वर्षं पंचावन्न. कुलसुमनं माझ्या पोटाखाली हात धरला आणि न सांगता काढून घेतला, मी गटांगळ्या खाल्ल्या, तिला कोकणी शिव्या येतात तशा मला पुणेरी येतात हे तिला त्या दिवशी कळलं. नोव्हेंबरात मी तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. गुजराती आजींनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आम्ही पाचसात जणी वाळूवर सतरंजी टाकून बसायचो आणि पत्ते कुटायचो. आयरिश बाई लबाडी करायची. उन्हाळ्यात तिथे जीव नकोसा होतो, हे मलाही माहीत होतं. पण थंडीचे सहा महिने असे असतील तर उरलेले सहा मी घरात बसायला तयार होते.

ह्यांचं मात्र चित्त लागत नव्हतं. कपडे बॅगेतच. लागेल तसा एक शर्ट काढायचे आणि बॅग परत बंद. मी भिंतीत खिळा ठोकला तर "अगं, मालक काय म्हणेल?" म्हणाले. "मालक तुम्हीच आहात," म्हटलं, तर नुसतं हसले. ते कधी तक्रार करायचे नाहीत, हीच पंचाईत. चोवीस तास माझ्याबरोबर असायचे आणि तरी मला वाटायचं, या माणसाला मी ओढून आणलंय. घर मिळवायचं तर त्यांची सही पुरेशी होती. पण मला नुसती सही नको होती, त्यांचं मन हवं होतं, आणि ते हिसकावून घेता येत नाही.

जानेवारीत गिऱ्हाईक ठरल्यावर आम्ही फ्लॅट विकायला पुण्याला गेलो. किल्ली ह्यांच्या थोरल्या भावाकडे, चारुदत्त भाऊजींकडे होती. त्यांनी बारा वर्षं ती सांभाळली. दर महिन्याच्या एक तारखेला जाऊन नळ सोडायचे, केर काढायचे, देवापुढे उदबत्ती लावायचे. उपकारच म्हणायचे. त्यांनी कुलूप काढलं आणि आम्ही आत गेलो.

सगळं जिथल्या तिथे होतं. खोकी भिंतीला लावून रचलेली, टीव्हीवर चादर, आणि ९२ सालच्या सुट्टीत लक्ष्मी रोडवरून घेतलेला मोठा सोफा, दुकानातून आला तशाच प्लॅस्टिकमध्ये. सुट्टीत आलो तरी आम्ही त्या प्लॅस्टिकवरच बसायचो. मांड्या चिकटायच्या.

"बघ, एक ओरखडा नाही," भाऊजी म्हणाले. "हे विकणार तुम्ही?"

मी स्वयंपाकघरातून सुरी आणली.

"अगं, हळू," हे म्हणाले. "फाटेल."

फाडण्यासाठीच आणली होती. मी ते प्लॅस्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरलं आणि सोफ्यावर बसले. बसले म्हणजे आत गेले. आतल्या फोमचा पिवळा भुगा झाला होता, तो शिवणीतून जमिनीवर सांडला. मग मला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. एकेक खोकं फोडलं. ब्लँकेटांना कसर लागलेली. वॉशिंग मशीनचा पाइप हातात घेतला तर त्याचे तुकडे झाले. व्हीसीआर कोरा करकरीत, पण एव्हाना सगळ्यांनी सीडी धरली होती. एकही वस्तू कुणी वापरली नव्हती आणि एकही कामाची राहिली नव्हती. मी त्या पसाऱ्यात बसून रडले. वस्तूंसाठी नाही. त्या करकरणाऱ्या पलंगावर काढलेल्या माझ्या रात्री कुणी परत देणार नव्हतं.

"नवीन घेऊ," हे हळूच म्हणाले.

"कधी? पंचाऐंशीव्या वर्षी?"

भाऊजी माझ्याकडे न बघता भावाशी बोलले. "गुणवंता, तो देश तुमचा नाही. उद्या त्यांनी जा म्हटलं, तर कुठे जाल? निदान हे छप्पर तरी राहू दे."

"जा म्हणतील तेव्हा जाऊ, भाऊजी," मी म्हणाले. "तेवीस वर्षं त्यांनी जा म्हटलं नाही, तरी आम्ही रोज निघायच्या तयारीतच बसलो होतो. आता मला तसं बसायचं नाही."

"सुचित्रा, मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. बोलावंच लागेल."

भाऊजींचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले ते मला अजून टोचतं. म्हणाले, "मी आपला विचार करत होतो, तू आलास की रोज संध्याकाळी टेकडीवर जाऊ. बारा वर्षं झाली, एकटाच जातो." ह्यांचे डोळे भरले. मला भाऊजींना मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी तिथून पळून जावंसं वाटलं. "तुम्ही या ना आमच्याकडे," मी म्हटलं, "वाळूत फिरायला." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेले.

दोन दिवसांनी नोंदणी कचेरीत हे सहीला बसले. ह्यांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, पण त्या दिवशी सही वाकडी आली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. विमानात तीन तास आमच्यात चहा-कॉफीपलीकडे शब्द नव्हता. मी जिंकले होते आणि मला भीती वाटत होती. आता म्हातारपणभर हा माणूस माझ्याशी असाच सभ्यपणे वागत राहिला तर?

मार्चमध्ये घराचे उरलेले पैसे भरले आणि व्हिसासाठी अर्ज करायची वेळ आली. इथे कुठलाही सरकारी अर्ज आधी टायपिंगच्या दुकानात नेऊन अरबीत करून घ्यावा लागतो. दुबईच्या जुन्या बाजारात, देऱ्यातल्या एका दुकानात आम्ही गेलो. टाइप करणारा केरळचा एक पोक्त माणूस होता. नाव, पासपोर्ट, जन्मतारीख, एकेक करत तो खाली आला.

"इंडिया का परमनंट ॲड्रेस?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. तेवीस वर्षं दर अर्जावर त्या रकान्यात काय लिहायचं याचा विचार करावा लागला नव्हता, आधी त्यांच्या आईचं घर आणि मग कोथरूड. मी पटकन म्हणाले, "अहो, भाऊजींचा द्या." माझी सगळी ऐट त्या रकान्यापाशी संपली होती.

"नाही," हे म्हणाले.

"साब, किसी का भी दे दो. भाई का, साले का. फॉर्मॅलिटी है."

"घर नंबर बेचाळीस, अल नखला," हे म्हणाले. "लिखो."

"अरे साब, ये तो यहाँ का है. वहाँ का बोलो."

"वहाँ का खलास. बेच दिया." आणि मग माझ्याकडे बोट केलं. "हमने बेच दिया. दोनों ने."

"ऐसे में रिजेक्ट हो जाएगा, साब. फी भी जाएगी."

"जाने दो. फिर भरेंगे. फिर यही लिखेंगे."

त्या माणसानं मान हलवली, माझ्याकडे 'समजवा यांना' अशा नजरेनं पाहिलं. मी समजावलं नाही. त्यानं दोन्ही रकान्यांत एकच पत्ता टाइप केला.

सरकारी खिडकीपलीकडे काळ्या पायघोळ अबायातली एक तरुण मुलगी होती. तिनं कागद वाचला, एका रकान्यावर पेन ठेवलं, मग दुसऱ्यावर. वर पाहिलं.

"सेम ॲड्रेस?"

"सेम," हे म्हणाले.

"इन इंडिया, नो हाऊस?"

"नो हाऊस."

तिनं आम्हा दोघांना नीट बघून घेतलं. मी ह्यांचा हात धरला होता, चारचौघांत, लग्नाला तीस वर्षं झाल्यावर. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. मुलीनं खांदे उडवले, मंजुरीचा शिक्का उचलला आणि मारला.